पियानोपाशी बसलेला माणूस

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील, आता कॅनडात स्थायिक झालेल्या एका मुलीने एक ध्वनिचित्रफीत धाडली. "फादर, सवडीने पाहा," एवढेच लिहिले होते. सायंप्रार्थना आटोपून मी ती लावली. रंगमंचावर एक गायिका, सॅक्सोफोनचा साथीदार आणि पियानोपाशी एक वयस्क गृहस्थ. गाणे संपले की ते गोष्ट सांगत, सांगता सांगता स्वतःच खळखळून हसत आणि हसतच पुन्हा पियानोकडे वळत. गाणी क्री, फ्रेंच आणि इंग्रजी भाषांत. क्रीचा एक शब्दही मला कळत नाही, तरी मध्यरात्र कधी झाली ते समजले नाही.

ते टॉमसन हायवे, क्री जमातीचे नाटककार आणि संगीतकार. 6 डिसेंबर 1951 रोजी मॅनिटोबाच्या उत्तर टोकाला, बर्फात ठोकलेल्या तंबूत ते जन्मले. बारा भावंडांतील अकरावे. वडील कॅरिबू हरणांचे शिकारी. घर श्रद्धावंत कॅथलिक. सहाव्या वर्षी त्यांची रवानगी दूरच्या कॅथलिक निवासी शाळेत झाली. त्यानंतर नऊ वर्षे घर दिसले ते उन्हाळ्याच्या सुटीतच. पियानो त्यांना भेटला तोही त्याच शाळेत.

कॅनडातील अशा शाळांतून सुमारे दीड लाख मूलनिवासी मुले गेली. त्यांतील कितीतरी शाळांत मायबोली बोलणे हाच अपराध होता, आणि पुष्कळ शाळा आपल्याच चर्चच्या संस्था चालवीत. 25 जुलै 2022 रोजी क्री लोकांच्या भूमीवर, मास्क्वासिस येथे, पोप फ्रान्सिस यांनी त्याबद्दल क्षमा मागितली. हायवे यांच्या 1998 सालच्या 'किस ऑफ द फर क्वीन' या कादंबरीतील दोन भावांवर अत्याचार करणारा धर्मगुरूच आहे. तेच हायवे 2021 सालच्या आत्मकथनात त्या शाळेतील आनंदाचे दिवसही आठवतात. हे वाचून आपल्यातील काहींना हायसे वाटते. मला वाटत नाही. त्यांचे हसू त्यांचे आहे. त्याला आपले पापमोचन समजण्याची घाई माझ्यासारख्याने तरी करू नये.

क्री भाषेत 'तो' आणि 'ती' असा भेद नाही, हे ते मोठ्या गमतीने समजावतात. तिथे भेद सजीव आणि निर्जीव असा, आणि दगड सजीवांत मोडतो! आपल्या मराठीला तीन लिंगे, तरी देव मात्र ठामपणे 'तो'. सेमिनरीत ईशज्ञानाच्या तासाला हा प्रश्न कुणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

पण त्या रात्री झोप उडाली ती दुसऱ्याच आठवणीने. धर्मगुरू झाल्यावर पहिल्याच नेमणुकीत माझ्याकडे आदिवासी मुलांचे वसतिगृह होते. एकदा रात्री अभ्यासाच्या वेळी एक वारली मुलगा आपल्या बोलीत गाणे गुणगुणत होता. "इथे हे चालायचे नाही. शुद्ध मराठीत बोल," असे मी त्याला सुनावले. आवाजही चढवला नव्हता. त्याच्या भल्यासाठीच सांगतो आहे, अशी माझी पक्की समजूत होती. मुलगा गप्प झाला आणि वर्षभर माझ्यासमोर पुन्हा गायला नाही. वर्षअखेरीच्या माझ्या अहवालात त्याच्या नावापुढे 'शिस्तीत सुधारणा' अशी नोंद आहे.

गाणे कशाविषयी होते, ते मी त्याला विचारलेच नाही.