झडप बदलल्यानंतर: रक्तवाहिन्या, नाडी आणि चक्कर

हृदयाची खराब झडप बदलली की रक्ताची वाट त्याच दिवशी मोकळी होते. रक्तवाहिन्यांना आणि ठोक्यांवर ताबा ठेवणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेला सावरायला मात्र काही महिने लागतात. या काळाविषयीचे बरेचसे संशोधन पाश्चात्त्य देशांतल्या वृद्धांवर झाले आहे. त्यांची महाधमनीची झडप वयोमानाने कडक झालेली असते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव किंवा अक्कलकुव्याकडून येणारा रुग्ण बहुधा वेगळा असतो. लहानपणी घसा दुखून ताप येतो, मागोमाग सांधे धरतात आणि ऐन तिशीत चढ चढताना धाप लागते. हा ऱ्हुमॅटिक तापाचा परिणाम. त्यात प्रामुख्याने मिट्रल, म्हणजे डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांमधली झडप आकसते. म्हणून वृद्धांवरचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

रक्तवाहिनीच्या अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात आणि त्याने वाहिनी सैलावते. या वायूच्या कार्याचा उलगडा केल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. अस्तराची तब्येत तपासायची पद्धत सोपी आहे. हाताला रक्तदाबाचा पट्टा पाच मिनिटे आवळून ठेवतात आणि सोडल्यावर दंडातली धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीने मोजतात. चार मिलिमीटरच्या निरोगी धमनीत हा फरक जेमतेम पाव मिलिमीटर, त्यामुळे मोजणाऱ्याचा हात सरावाचा लागतो. शस्त्रक्रियेत रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरते, शरीरभर दाह उठतो आणि अस्तराचे काम आधी मंदावते; पुढे प्रवाह सुधारला की ते हळूहळू सावरू लागते.

नंदुरबारमध्ये इथे आणखी एक गुंतागुंत होते. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. फुटलेल्या तांबड्या पेशींतून सुटलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड निकामी करते, आणि यांत्रिक झडपही थोड्याफार पेशी फोडतच असते. शस्त्रक्रियेत शरीर थंड केले किंवा प्राणवायू कमी पडला, तर सिकलसेलच्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक वाहिन्या तुंबवू शकतात. म्हणून सिकलसेलची तपासणी शस्त्रक्रियेआधीच झालेली हवी.

मज्जासंस्थेची बाजू अधिक नाजूक. हृदयाच्या वरच्या भागाभोवती चरबीत मज्जापेशींचे पुंजके असतात. छेद आणि टाके त्यांच्याजवळूनच जातात. मंद ठोके राखणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव घटतो, विश्रांतीतही नाडी जलद राहते आणि ठोक्या-ठोक्यांमधल्या अंतरातला नैसर्गिक चढउतार कमी होतो. साधारण तीन ते सहा महिन्यांत हा चढउतार बऱ्याच अंशी परततो. ही मोजणी ठोका नियमित असलेल्यांनाच लागू पडते. मिट्रलच्या अनेक रुग्णांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अनियमित ठोके, असते. त्यांच्यात यंत्र मोठा आकडा दाखवते आणि तो निव्वळ फसवा असतो.

रुग्णाला जाणवते ती चक्कर. लघवीची गोळी, नाडी मंद करणारी गोळी, एप्रिल-मेचे ऊन आणि गुजरातेतल्या ऊसतोडीचे श्रम एकत्र आले की उभे राहताना रक्तदाब कोसळतो, कारण तो सावरणारी यंत्रणा अजून ढिली असते. हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाला पाच मिनिटे आडवे निजवून रक्तदाब मोजावा, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर गोळ्यांची मात्रा डॉक्टरांनी पुन्हा पाहायला हवी. उपकेंद्रातही हे होऊ शकते, आणि तरीही क्वचितच होते.

नवी झडप बसली म्हणून ऱ्हुमॅटिक तापाचा धोका संपत नाही. ज्यांना दर तीन आठवड्यांचे पेनिसिलिन इंजेक्शन सांगितले आहे, त्यांनी ते चालू ठेवावे. आणि चक्कर आली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी कुणी आपल्या मनाने बंद करू नये: यांत्रिक झडपेवर गाठ धरली तर जीव जाऊ शकतो.