चुंबळ

आमच्या शाळेत कल्पनांची पेटी आली ती 'इन्स्पायर मानक'मुळं. पोरांनी नवी कल्पना सुचवायची, शाळेनं त्यातल्या चांगल्या निवडून ऑनलाइन भरायच्या. निवड झाली की वस्तू करून बघायला विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये. पुढं जिल्ह्याचं प्रदर्शन, मग राज्याचं, मग दिल्ली. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान मिळून हे चालवतात.

पहिल्यांदा पेटी उघडली तर टाळी वाजवली की लागणारा दिवा सात चिठ्ठ्यांत. सगळं मोबाईलवरून उतरवलेलं. पोरांचा तरी काय दोष! शोध म्हणजे वायरी आणि बॅटरी, असंच त्यांनी प्रदर्शनांत पाहिलेलं.

मग मी त्यांना दादाजी खोब्रागडेंची गोष्ट सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचा हा शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या निवडून वर्षानुवर्षं लावत गेला. त्यातनं जे तांदळाचं वाण झालं त्याला घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींचा मातीचा फ्रिजही सांगितला, विजेशिवाय भाजी ताजी ठेवणारा. म्हटलं, घरात कुणाला काय दुखतंय तेवढं बघून या.

दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका पोरीची चिठ्ठी निघाली. एकच ओळ. 'मायची मान दुखती, मोळीनं.'

आमचा जिल्हा बीड. दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रकात बसून कारखान्याला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरनं चढत ट्रॉलीत टाकायची. दिवसातनं किती खेपा, कोण मोजतो? हंगाम संपवून आलेल्या बाया मान वळवायची तर अख्खं अंग वळवतात. गावात ते कुणाला नवल वाटत नाही.

तिची कल्पना साधी होती. चुंबळीखाली लोखंडी कडं, कड्याला दोन्ही बाजूंनी खाली वाकवलेल्या पट्ट्या, त्या खांद्यावर टेकणार. म्हणजे सगळा भार मानेवर न येता खांद्यांवर वाटला जाईल. मी वेल्डिंगवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "होतंय की. पण खांद्याला रुतंल, गादी पायजे."

निवड झाली, पैसे जमा झाले. खरा पेच तिथं होता. बापानं मुकादमाची उचल घेतलेली, दवाखान्यात मोडलेली. संध्याकाळी घरी गेलो तर तो म्हणाला, "गुरुजी, दहा हजार म्हंजे लई पैसा हाय. लोखंडात घालायचा व्हय?" मी गप्प बसलो. त्याचं खोटं नव्हतं. चुलीपुढनं तिची माय बोलली, "तिच्या नावानं आल्यात. तिचं तिला करू द्या. माझ्याच मानंसाठी हाय ते."

दोनदा मोडून तिसऱ्यांदा जमलं. आत जुन्या ट्यूबचे तुकडे, वर गोणपाट. माय वाड्यातून पाण्याची कळशी ठेवून चालून बघायची आणि पोरगी वहीत लिहायची, कुठं टोचतं, कुठं घसरतं. अशी प्रयोगवही मी बीएड झालेल्यांचीही पाहिली नाही.

दिवाळीनंतर मायबाप गेले, पोरगी आजीजवळ हंगामी वसतिगृहावर राहिली. प्रदर्शन भरलं ते ऐन हंगामात. आजूबाजूला थर्माकोल, रंगीत दिवे, सेन्सर लावलेली काठी. आमच्या टेबलावर फक्त चित्र आणि वही. परीक्षकांनी विचारलं, "मॉडेल कुठंय बाळ?"

"मायकडंय. फडावर."

"इथं का नाही आणलं?"

"वापरात हाय सर."

बाजूचे लोक हसले. परीक्षकांनी मात्र वही हातात घेतली, उभ्याउभ्या चार-पाच पानं वाचली, काहीतरी टिपून घेतलं. नंबर लागला नाही. मॉडेलच नाही तर गुण कशाला देणार, हेही खरं. पण उरलेल्या १,४०० रुपयांचं काय करायचं, यावर परतीच्या एसटीत ती माझ्याशी पाटोद्यापर्यंत बोलत होती.

त्याच आठवड्यात फडावरनं मायचा फोन आला, माझ्याच मोबाईलवर. "सर, तिला सांगा, डाव्या बाजूची शिवण उसवती. दोरा जाड घे म्हणावं. आन् अजून दोन कर. टोळीतल्या बाया मागत्यात."