डाव्या बाजूची खिडकी

लंडन ते जिनिव्हा हा विमानाचा प्रवास अवघा दीड-पावणेदोन तासांचा. लोकलने दादरहून कर्जत गाठायला लागावा, जवळजवळ तेवढाच वेळ. एवढ्यासाठी खिडकीचे जादा पैसे कशाला मोजायचे, असा व्यवहारी विचार मी केला, आणि तिथेच फसलो.

या स्वस्त विमानांची रीत आपल्या खाणावळीच्या अगदी उलट. खाणावळीत एकदा ताट घेतले की मीठ, लिंबू, लोणचे त्यातच आले. येथे चिमूटभर मिठाचाही दर निराळा. जागा निवडायची तर पैसे, मोठी बॅग वर ठेवायची तर पैसे, चहा हवा तर पैसे. माझी तक्रार नाही. या हिशेबामुळेच तर मास्तराला तिकीट परवडते! पण दाराशी एक लोखंडी सांगाडा ठेवलेला असतो, त्यात आपली बॅग मावावी लागते. माझी मावेना. संक्रांतीनिमित्त लंडनच्या मराठी मंडळींपुढे व्याख्यान द्यायला मी गेलो होतो. त्यांनी प्रेमाने दिलेल्या तिळगुळाच्या डब्याने बॅगेला ढेरी सुटली होती. अखेर लाडू ओव्हरकोटाच्या दोन्ही खिशांत कोंबले, रिकामा डबा तिथेच सोडला आणि सडपातळ झालेली बॅग घेऊन आत शिरलो. कोटाच्या जाडीबद्दल नियम नव्हता.

यंत्राने मला दिलेली जागा तिघांतली मधली. डावीकडे खिडकीपाशी एक वृद्ध बाई होत्या. विमान उडण्यापूर्वीच त्यांचा डोळा लागला होता. ढगांवर येताच त्या अर्धवट जाग्या झाल्या, ऊन डोळ्यांवर येते म्हणून झडप खाली ओढली आणि पुन्हा झोपी गेल्या. आता मात्र माझा जीव खालीवर होऊ लागला. कारण जिनिव्हाला माझी भाची असते हे खरे. पण निघताना अप्पांनी एकच काम सांगितले होते. “जमलं तर माँ ब्लाँ बघून ये. विमानातूनच बघ.”

माझे वडील १९६५ साली तुर्भ्याच्या अणुशक्ती संस्थेत कारकून म्हणून लागले. वय वर्षे एकोणीस. डॉक्टर होमी भाभांना त्यांनी पाहिले ते दुरूनच, दोन-तीनदा. बोलणे कधी झाले नाही. तरी, इमारतीच्या आड येणारे झाड साहेब तोडू देत नसत, हे ते आजही घरचे माणूस असल्यासारखे सांगतात. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले भाभा ‘कांचनजंगा’ या बोइंग विमानात होते. विमान जिनिव्हाला उतरायचे होते. डोंगर ओलांडला, अशी वैमानिकाची समजूत झाली. तो अजून पुढेच होता. माँ ब्लाँच्या माथ्याजवळ ते आदळले आणि ११७ माणसे गेली. त्याच दिवशी इकडे दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी. त्याआधी सुमारे पंधरा वर्षे, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, ‘मलबार प्रिन्सेस’ हे आपलेच विमान याच पर्वतावर कोसळले होते. त्यातली ४८ माणसे गेली. त्यांत गोदीवर निघालेले गरीब खलाशी पुष्कळ होते. त्यांची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

बर्फ जे गिळते ते सावकाश परत करते. तिथली बोसाँ नावाची हिमनदी खाली सरकत असते. २०१२ साली तिच्यातून टपालाची सरकारी थैली निघाली, २०१३ साली पाचू-माणकांची पेटी निघाली, आणि २०२० साली चक्क जानेवारी १९६६ची भारतीय वर्तमानपत्रे! इंदिराबाईंच्या निवडीचा मथळा वाचता येत होता. ती बातमी अप्पांनी कापून ठेवली आहे.

आणि मी आठ-दहा पौंडांसाठी खिडकी घालवून बसलो होतो. झोपलेल्या बाईंना उठवायचे कसे? वर्गात साठ पोरांना दरडावणारा मी, एक झडप उघडा म्हणायला धजेना.

उतरण्यापूर्वी झडपा उघडायचा हुकूम झाला, तेव्हा सुटलो. बाईंनी झडप वर केली. मी चाचरत विचारले, “माँ ब्लाँ दिसेल का?” त्यांनी जागा बदलायची तयारी दाखवली, पण पट्टे बांधायचा दिवा लागला होता. मग त्या बिचाऱ्या डोके मागे टेकवून अगदी भिंतीसारख्या चपट्या बसल्या.

खाली सरोवर नव्हतेच. हिवाळ्यात तिथे धुके कोंडते. त्याची पांढरी चादर थेट डोंगरांपर्यंत पसरली होती. विमान वळले आणि त्या चादरीच्या पलीकडे शिखरांची रांग उभी राहिली. सकाळचे ऊन समोरून येत होते, डोळे दिपत होते. मला सगळीच शिखरे सारखी. बाईंनी बोट दाखवले, “तो, रुंद खांद्यांचा.” ४,८०० मीटरांहून उंच पर्वत, पण सुळका नव्हे, पाठ टेकून बसलेल्या वडीलधाऱ्यासारखा. पाहता पाहता आम्ही धुक्यात शिरलो.

मी खिशातून लाडू काढून बाईंना दिला. तिळगुळाचे इंग्रजी मला जमले नाही. त्यांनी तो चावायचा प्रयत्न केला, हसल्या आणि गालात धरून ठेवला.

संध्याकाळी अप्पांना फोन लावला. पर्वत, बर्फ, धुके, सारे सांगितले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “विमानापासून किती लांब होता रे?”

“खूप लांब, अप्पा. साठ-सत्तर किलोमीटर तरी.”

“असंच हवं,” ते म्हणाले, आणि त्यांनी फोन आईकडे दिला.