मँचेस्टरची पुळण

सॅन फ्रान्सिस्को मागे टाकून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला निघालं की महामार्ग क्रमांक एक कितीतरी वेळ कड्यांच्या अंगाखांद्यावरून वळणं घेत राहतो. पॉइंट अरीना हे लहानसं गाव ओलांडल्यावर तो एकदम सपाटीला लागतो. डाव्या हाताला गाईगुरांची कुरणं, कुरणांपलीकडे गवत माजलेल्या वाळूच्या टेकड्या. समुद्र कुठेच दिसत नाही. मँचेस्टर नावाची वस्ती येते आणि लक्षात येण्याआधीच मागे पडते. आमची बे एरियातली मराठी मंडळी सुट्टीत मेंडोसिनोला निघाली की इथे सहसा थांबत नाहीत. पुढे कड्यावर वसलेलं सुंदर गाव आहे, जेवायची सोय आहे, फोटो चांगले येतात. पण त्या टेकड्यांच्या मागे काही मैल लांबीची पुळण आहे. रस्त्याने जाणाऱ्याला ती स्वतःहून दर्शन देत नाही. तिच्यापर्यंत फाटा घेऊन जावं लागतं, गाडी ठेवून वाळू तुडवावी लागते, मग ती भेटते.

भेटली तरी लगेच जवळ घेईल असं नाही. वसंतापासून उन्हाळाभर वायव्येचा वारा इथे थांबत नाही. वाळूचे कण पिंढऱ्यांना टोचतात. जुलैतसुद्धा धुकं उतरतं आणि स्वेटर काढवत नाही. पाणी इतकं गार की पावलं बुडवली तरी हाडांपर्यंत कळ जाते. ओढ जबरदस्त, आणि एखादी लाट बाकीच्या लाटांपेक्षा फार आत येते, म्हणून या सगळ्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करू नका असं बजावलेलं असतं. पोहायला, चेंडू खेळायला, छत्री रोवून पडायला ही जागा नव्हे. हिच्याकडे चालायला यावं, आणि तेही कान झाकून.

तिचं खरं वैभव म्हणजे लाकूड. किनाऱ्याला इथे एक मोठा, सौम्य बाक आहे आणि उत्तरेकडून वाहत आलेलं सारं काही त्या बाकात अडकतं. पुरात नद्यांनी समुद्रात लोटलेले रेडवूडचे बुंधे, मुळांसकट उपटलेली झाडं, कधीकाळी करवतीखालून गेलेल्या फळ्या. खारं पाणी आणि ऊन यांनी सगळ्यांचा रंग एकच केलेला, राखाडी, चांदीकडे झुकणारा. येणारी माणसं त्या ओंडक्यांचे आडोसे रचतात. कुणी रचला, कुणासाठी, ते ठाऊक नसतं. पुढच्याने त्यात वाऱ्यापासून आसरा घ्यायचा, जाताना आपलाही एखादा ओंडका टेकवायचा. जानेवारीतलं एखादं वादळ ते सगळं उचलून नेतं आणि बदल्यात नवं लाकूड टाकून जातं.

वरून इतकी निवांत दिसणारी ही पुळण आत काय सांभाळून आहे ते पाहिलं की तिच्याविषयी आदर वाटू लागतो. सॅन अँड्रियास भेग दक्षिणेकडून शेकडो मैल, कधी जमिनीवरून तर कधी पाण्याखालून येते आणि इथे ऑल्डर क्रीक या ओढ्यापाशी समुद्रात उतरते. 18 एप्रिल 1906 च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त करणारा भूकंप झाला, तेव्हा या ओढ्यावरचा पूलही मोडून पडला. दक्षिणेला भूशिरावर 1870 पासून उभं असलेलं दीपगृह इतकं तडकलं की पाडावं लागलं. त्याच्या जागी कारखान्यांची धुराडी बांधणाऱ्या कंपनीकडून 115 फुटी मनोरा उभारून घेतला गेला. सळया घातलेल्या काँक्रीटचं हे अमेरिकेतलं पहिलं मोठं दीपगृह 1908 मध्ये पेटलं आणि आजही पुळणीवरून स्पष्ट दिसतं. त्यानंतर 1957 मध्ये अमेरिकेची मुख्य भूमी आणि हवाई बेटं यांना जोडणारी पहिली टेलिफोन केबल पॉइंट अरीनाच्या याच परिसरातून समुद्रात सोडली गेली. किती संसारांची बोलणी या किनाऱ्याच्या वाळूखालून गेली असतील!

तिचे पाहुणेही तिच्यासारखेच, गाजावाजा न करणारे. हिवाळ्यात टुंड्रावरून हंस येतात आणि जवळच्या गार्सिया नदीच्या पाणथळ सपाटीवर उतरतात. ओढ्यांमध्ये स्टीलहेड मासा समुद्रातून अंडी घालायला चढतो. उन्हाळ्यात ओढ्यांचं पाणी आटतं, तेव्हा लाटा वाळूचा बांध घालून मुख बंद करतात. आत गोडं-मचूळ पाणी साठतं, त्यात माशांची पिल्लं वाढतात, आणि पहिल्या मोठ्या पावसाला बांध फुटून वाट मोकळी होते. मागच्या झुडपांत पॉइंट अरीना माउंटन बीव्हर नावाचा, बिळात राहणारा, नावापुरताच बीव्हर असलेला एक प्राणी आहे. जगात तो फक्त या भागात आहे आणि 1991 पासून नामशेष होऊ घातलेल्यांच्या केंद्रीय यादीत आहे. कोरड्या वाळूत स्नोई प्लोव्हर दिसतो, आपल्या चिखल्याचा भाऊबंद, मुठीएवढा. माणसाच्या पावलाच्या खळग्यात तो वाऱ्यापासून लपून बसतो आणि तुम्ही अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही. हा पक्षी टिकायचा तर त्याला एकच गोष्ट हवी, कुणी सारखं सारखं उठवू नये. गर्दीच्या चौपाटीवर ते मिळत नाही.

माणसंही येतात. मासे धरायला गळ घेऊन येणारे, घोडी घेऊन येणारे, एकटे चालणारे. बोकेया पोमो लोकांचा हा मूळ किनारा, त्यांची वसाहत आजही शेजारीच आहे. शेवाळ आणि शिंपले यांसाठी समुद्रावर यायची त्यांची चाल राज्य, महामार्ग आणि उद्यान खातं यांच्यापेक्षा फार जुनी.

अशा या पुळणीचं नाव मे 2011 मध्ये एका यादीत आलं. कॅलिफोर्नियाच्या अंदाजपत्रकात 2,500 कोटी डॉलरहून मोठी तूट होती. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शाळांपासून गरिबांच्या औषधोपचारापर्यंत सगळीकडे कात्री लावली होती. ही पुळण सांभाळणाऱ्या राज्याच्या उद्यान खात्याच्या वाट्याला दरवर्षी 2.2 कोटी डॉलरची कपात आली आणि खात्याने 278 पैकी 70 उद्यानं जुलै 2012 पर्यंत बंद करायचं जाहीर केलं. यादीत मेंडोसिनो परगण्यातली एकट्या किनाऱ्यावरचीच अर्धा डझन ठिकाणं होती, त्यांत मँचेस्टर. 2.2 कोटी म्हणजे त्या तुटीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. तरीही ज्या वर्षी दवाखान्यांचे पैसे कापले जातात त्या वर्षी पुळणीने काहीच सोसू नये असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार निवड कशी झाली याबद्दल आहे.

खात्याने त्या वेळी मोठ्या समाधानाने सांगितलं की 70 उद्यानं बंद झाली तरी 92 टक्के पर्यटक आणि 94 टक्के उत्पन्न शाबूत राहील. हिशेब बरोबर आहे. पण त्याच हिशेबाचा अर्थ असा की चौथाई उद्यानं बंद करण्यासाठी मुख्यतः ती निवडली गेली जिथे माणसं कमी जातात. कायद्याने निवडीच्या कसोट्यांत नैसर्गिक महत्त्वही घातलं होतं, हे खरं. तरी पर्यटकांची संख्या आणि बंद केल्याने होणारी बचत हेच आकडे हाताशी असले की तेच बोलतात. हंस तिकीट काढत नाहीत. प्लोव्हर वाहनतळ वापरत नाही. जी शांतता हीच मँचेस्टरची सगळ्यात मोठी कामगिरी, ती या कोष्टकात उणी बाजू ठरली.

आणि बंद करणार म्हणजे काय करणार? कॅलिफोर्नियात भरतीच्या रेषेखालची ओली वाळू सर्व जनतेची आहे. 1972 मध्ये लोकांनी मतदान करून किनारा आयोग आणला, 1976 च्या किनारा कायद्याने समुद्रापर्यंतची वाट लोकांना जास्तीत जास्त खुली राहिली पाहिजे असं बजावलं. समुद्राला कुलूप लागत नाही. कुलूप लागतं फाटकाला आणि शौचालयाला. कचऱ्याचे डबे उचलून नेले जातात. रेंजरची फेरी थांबते. माणसं यायची थांबत नाहीत, ती कुंपणाला वळसा घालून येतात, टेकड्यांमधून नव्या वाटा पाडतात, शेकोट्या पेटवतात, आणि नको तिथे नको ते करून जातात. नियम पाळणारी म्हातारी जोडपी, लहान मुलं असलेली घरं मात्र फाटकावरूनच परत फिरतात. म्हणजे बंदीने जे जातात ते नेमके पुळणीला जपणारे. प्लोव्हरच्या घरट्यांसाठी मार्च ते सप्टेंबर कॅलिफोर्नियाच्या काही किनाऱ्यांवर वाळूचा एखादा तुकडा दोरी बांधून बंद करतात. ती बंदी मला मनापासून मान्य आहे. पण ती दोरी बांधायला, तुटली तर पुन्हा ताणायला, कुत्र्याच्या मालकाला समजावायला कुणीतरी पगारी माणूस लागतो. पैसे वाचवायची बंदी पहिल्यांदा त्यालाच काढून टाकते.

हे नुसतं माझं भय नव्हे. मोहावीच्या वाळवंटात मिचेल कॅव्हर्न्स ही चुनखडीची गुहा आहे, तिचं उद्यान 2011 च्या सुरुवातीला बंद झालं. आडवाटेची जागा, पहारा नाही. चोरांनी तांब्याच्या तारा उपटून नेल्या, इमारती फोडल्या. नुकसान एक लाख डॉलरच्या घरात गेलं. ते उद्यान पुन्हा उघडायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. ओसाड जागा सांभाळण्याचा खर्च बंद केल्याने नाहीसा होत नाही, तो नंतर एकदम अंगावर येतो.

मग नेमकं वाचणार तरी किती होतं? राज्याच्या लेखापरीक्षकांनी 2013 मध्ये जे सांगितलं ते वाचून मला फार वाईट वाटलं. एकेका उद्यानाचा चालवण्याचा खर्च किती, याची धड नोंदच खात्याकडे नव्हती. बंद करायच्या उद्यानांची निवड जुन्या आणि अपुऱ्या आकड्यांवर झाली होती. त्याआधी, जुलै 2012 मध्ये, दुसरी गोष्ट उघड झाली होती. खात्याच्या दोन निधींत मिळून सुमारे 5.4 कोटी डॉलर होते, आणि अंदाजपत्रक करणाऱ्यांना ते कळवलेले नव्हते. संचालक रूथ कोलमन यांनी राजीनामा दिला. विधिमंडळाने दोन वर्षं कुठलंही उद्यान बंद करायचं नाही असा कायदा केला. यादीतल्या बहुतेक उद्यानांवरचं संकट टळलं, मँचेस्टरच्या वाळूवरचंही. पण ते टळलं पैसे सापडले म्हणून, आणि गावोगावच्या लोकांनी हात पुढे केले म्हणून. ज्या पद्धतीने ती यादी झाली, ती चूक होती असं म्हणून कुणी मागे घेतली नाही.

त्या मदतीबद्दलही एक बोललं पाहिजे. 2011 च्या शेवटी नवा कायदा आला, सेवाभावी संस्थांना उद्यानं चालवायला घेता येऊ लागली. लेखक जॅक लंडनच्या घराचं उद्यान अशाच एका स्थानिक संस्थेने घेतलं आणि उत्तम चालवलं. सॅम्युएल टेलर उद्यानासाठी केंद्राची राष्ट्रीय उद्यान सेवा धावून आली. ज्या माणसांनी हे केलं त्यांना माझा नमस्कार. पण ज्याला नाव आहे, मोठं शहर जवळ आहे, लग्नं लावायला हिरवळ आहे, त्यालाच असे मित्र चटकन मिळतात. मँचेस्टरजवळ दोन लहान वस्त्या, गुरांची कुरणं आणि वारा. ती वर्गणी कुणाकडे मागणार? तिच्यासारख्यांच्या पाठीशी राज्याच्या तिजोरीशिवाय कुणीच नसतं, आणि तिजोरीने सगळ्यात आधी त्यांनाच सोडायचं हे मला न्यायाचं वाटत नाही.

कॅलिफोर्नियात तूट दर काही वर्षांनी परत येते. 2008 मध्ये 48 उद्यानं बंद करायचा प्रस्ताव होता, 2009 मध्ये तर 200 हून अधिक. पुन्हा तशी वेळ येईल तेव्हा यादीच्या आधी खात्याने प्रत्येक उद्यानाचा खर्च वेगवेगळा मांडून दाखवावा. मँचेस्टरच्या ओळीत शौचालयाची सफाई, कचऱ्याची गाडी, रेंजरच्या पगाराचा वाटा, एवढंच येईल. शेजारी आणखी एक रकाना असावा, त्यात प्लोव्हर, माउंटन बीव्हर, ओढ्यांची मुखं यांना इथून हलवून दुसरीकडे ठेवता येईल का याचं उत्तर लिहावं. 2010 च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे एक प्रस्ताव आला होता: दर गाडीमागे वर्षाला 18 डॉलर जादा नोंदणीशुल्क, ते उद्यानांना आणि वन्यजीव संरक्षणाला, आणि त्या गाड्यांना दिवसभराचा प्रवेश मोफत. तो पडला. तो पुन्हा मतपत्रिकेवर आणावा. मोफत प्रवेशाचं कलम गाळलं तरी मी ते 18 डॉलर भरीन, आणि बे एरियातल्या प्रत्येक मराठी घराच्या दारात जाऊन त्याच्यासाठी मत मागीन.