शिफारसपत्र

चंडीगढ शहराच्या ईशान्येला, किशनगढ गावाला लागून राजीव गांधी टेक्नॉलॉजी पार्क उभा आहे. शहरातील लोक त्याला नुसते ‘आयटी पार्क’ म्हणतात. २००५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. काचेच्या भिंतींच्या इमारती, रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि पलीकडे शिवालिकच्या टेकड्या असे तेथील दृश्य आहे. सुखना सरोवर तेथून जवळच आहे. आकाश निरभ्र असेल तर रात्री दूर डोंगरावर कसौलीचे दिवे लुकलुकताना दिसतात.

या पार्कमधील एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर अमरावतीची एक तरुणी नऊ वर्षांपासून नोकरी करीत होती. अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि लगेच ती येथे आली. आरंभी परकी वाटणारी थंडी आणि बोली तिने हळूहळू आपलीशी केली. घरी दरमहा पैसे जात होते, धाकट्या भावाचे शिक्षण झाले होते. वडिलांच्या औषधपाण्याची चिंताही आता पूर्वीसारखी नव्हती. या सगळ्या जबाबदाऱ्या मार्गी लागल्यावर कित्येक वर्षे मनाच्या तळाशी जपून ठेवलेली एक इच्छा वर आली. तिला पुढे शिकायचे होते. शेतीसाठी लागणाऱ्या उपकरणांच्या शास्त्रात पदव्युत्तर अभ्यास करावा, त्यासाठी परदेशातील एका विद्यापीठात प्रवेश घ्यावा, असे तिने ठरवले.

अर्ज भरताना गुणपत्रके सापडली, इंग्रजीची परीक्षा झाली, उद्देशपत्रही लिहून झाले. मात्र शेवटच्या पानावर ती अडली. तेथे तीन शिफारसपत्रे मागितली होती. त्यांतील एक नोकरीतील वरिष्ठांचे चालणार होते. उरलेली दोन तिला ज्यांनी शिकवले अशा प्राध्यापकांचीच हवी होती. त्यांची नावे आणि ई-मेलचे पत्ते अर्जात भरायचे, मग विद्यापीठ परस्पर त्यांच्याकडे पत्र मागणार, आणि ते पत्र विद्यार्थिनीला दिसणार नाही, अशी पद्धत होती. अंतिम मुदतीला पाच आठवडे उरले होते.

‘नऊ वर्षांनी मला कोण ओळखणार?’ हा प्रश्न त्या रात्री तिच्यासमोर उभा राहिला. ती वर्गात पहिली आलेली नव्हती. तिसऱ्या सत्रात तर गणिताच्या एका विषयात नापासही झाली होती. शिक्षकांच्या मागेपुढे करण्याचा तिचा स्वभाव नव्हता. मधल्या नऊ वर्षांत तिने एकाही शिक्षकाला साधा नमस्कार कळवलेला नव्हता. आता काम पडले म्हणून दार ठोठवायचे, याची तिला लाज वाटत होती.

तिने महाविद्यालयात दूरध्वनी केला. विभागप्रमुख निवृत्त झाले होते. दुसरे एक प्राध्यापक नोकरी सोडून पुण्याला गेले होते. तिसऱ्यांचा पत्ता मिळाला. त्यांनी उत्तरही तत्परतेने दिले. त्यांनी कळवले, “पत्राचा मसुदा तूच लिहून पाठव. मी वाचून माझ्या नावाने पुढे पाठवतो.”

आपल्याकडे ही रीत अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. एकेका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो विद्यार्थी असतात, सवड नसते, आणि इंग्रजी पत्र लिहिण्याचा कंटाळाही असतो. त्यात कुणाचे मन दुखवण्याचा हेतू नसतो. ती मसुदा लिहायला बसली. ‘अत्यंत हुशार’, ‘असामान्य कर्तृत्वाची’, ‘माझ्या अध्यापनकाळातील सर्वोत्तम विद्यार्थिनींपैकी एक’ अशी वाक्ये भराभर उतरली. लिहून झाल्यावर तिने ते पान पुन्हा वाचले. त्यातली मुलगी तिच्या ओळखीची नव्हती. तिने पान मिटले आणि मसुदा पाठवला नाही.

शिफारस या शब्दाभोवती आपल्या मनात संशयाचे एक वलय असते. शिफारस म्हटली की आपल्याला वशिला आठवतो. परंतु या दोहोंत मोठे अंतर आहे. वशिला लावणाऱ्याला आपण ज्याच्यासाठी शब्द टाकतो त्याची पात्रता ठाऊक असण्याची गरज नसते. त्याचे वजन त्याच्या पदात असते. शिफारस करणाऱ्याने मात्र त्या माणसाचे काम स्वतः पाहिलेले असावे लागते. ‘मी हे पाहिले आहे’ एवढी साक्ष काढून घेतली, तर शिफारसपत्रात काहीच उरत नाही.

महाराष्ट्राला या गोष्टीचे एक थोर उदाहरण ठाऊक आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळूसकर पाहत असत. केळूसकर स्वतः शिक्षक होते, पण तो मुलगा त्यांच्या शाळेतला नव्हता. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षण पैशांअभावी अडले, तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांची मदत मिळावी म्हणून केळूसकरांनीच प्रयत्न केले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळूसकरांजवळ ना सत्ता होती, ना संपत्ती. बागेतल्या बाकावर वाचत बसलेला मुलगा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, एवढेच त्यांच्या शब्दाचे बळ होते.

पुढे बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन त्यांचे शिक्षक होते. १९१६ मध्ये आंबेडकर लंडनला निघाले, तेव्हा सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांच्या नावे त्यांना परिचयपत्र दिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास सुरू झाला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये तो अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट आठवणीने केली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. परतीच्या प्रवासात त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्धाच्या त्या दिवसांत पाणतीराने ते जहाज बुडाले आणि त्यांची पुस्तके व कागदपत्रे समुद्राच्या तळाशी गेली.

भारतात नोकरी, अपमान आणि पैशांची ओढाताण यांत तीन वर्षे गेली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून बचत केली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपयांचे कर्ज घेतले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोहोचले. त्या वेळी सेलिग्मन यांनी लंडनमधील प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या या जुन्या विद्यार्थ्याची शिफारस केली आणि त्याच्या संशोधनाला साहाय्य करण्याची विनंती केली. न्यूयॉर्कमधील वर्ग सुटून तेव्हा चार वर्षे झाली होती, मध्ये महासागर आणि महायुद्ध होते. तरीही शिक्षकाला विद्यार्थी आठवत होता, कारण विद्यार्थ्याचे काम त्याच्या स्मरणात होते आणि विद्यार्थ्यानेही पत्रव्यवहाराचा धागा तुटू दिला नव्हता.

या कथेचा आणखी एक पदर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. १९२३ मध्ये आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना कॅनन यांनी लिहिली. त्या प्रस्तावनेत, ग्रंथकाराचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, असे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले आहे. मात्र जेथे लेखक चुकला असे वाटले, तेथेही त्याच्या विचारांतील ताजेपणाने आपल्याला चालना दिली, असेही त्यांनी लिहिले. मतभेद न लपवता केलेला हा गौरव होता, म्हणून त्याला किंमत होती.

चंडीगढमधील त्या तरुणीला हा इतिहास थोडाफार वाचून माहीत होता. पण तिला धीर आला तो एका जुन्या वहीमुळे. दिवाळीला घरी आलेल्या भावाला तिने कपाटातील आपला प्रकल्प-अहवाल शोधायला सांगितले. शेवटच्या वर्षी तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी संत्र्याच्या बागेत मातीतील ओलावा मोजणारे एक साधे यंत्र तयार केले होते. ते वरूडजवळच्या एका बागेत लावले होते आणि आठ दिवसांतच चुकीचे आकडे दाखवू लागले होते. भावाने अहवालाच्या पानांची छायाचित्रे पाठवली. चाळिसाव्या पानाच्या समासात लाल शाईने लिहिलेला शेरा होता : ‘चुकीच्या नोंदी गाळल्या नाहीत, हे चांगले केले. कारण शोधा.’

ते अक्षर निवृत्त झालेल्या विभागप्रमुखांचे होते. दुसऱ्याच दिवशी तिने त्यांचा क्रमांक मिळवला.

“सर, नमस्कार. मी आपली विद्यार्थिनी. नऊ वर्षे झाली. आपल्याला कदाचित आठवणार नाही.”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग सरांनी विचारले, “काय केले होतेस तू माझ्याकडे?”

तिने संत्र्याच्या बागेचे नाव काढताच सरांचा आवाज बदलला. “अगं, ते ओलाव्याचे यंत्र! पावसात बिघडले होते ना? तुम्ही तिघी चिखलाने माखून विभागात आला होतात.”

तिने अडखळत आपले काम सांगितले. नऊ वर्षे खुशाली विचारली नाही, याबद्दल क्षमाही मागितली. सर म्हणाले, “मुले कामाला लागली की विसरतात. विसरावेच. काम पडले की आठवण काढावी, त्यात वाईट काय? आम्हीही आमच्या गुरुजींना कामापुरतेच आठवत होतो.” मग ते गंभीर झाले. “पण एक सांगतो. पत्र मी स्वतः लिहीन. तू गणितात नापास झाली होतीस, तेही लिहीन. दुसऱ्या वर्षी मन लावून अभ्यास करीत नव्हतीस, तेही लिहीन. चालेल का?”

तिचा घसा कोरडा पडला. क्षणभर न लिहिलेल्या कौतुकाचा तो मसुदा तिच्या डोळ्यांसमोर तरळला. मग ती म्हणाली, “चालेल, सर.”

सरांनी तिच्याकडे गुणपत्रके, अहवाल, उद्देशपत्र आणि नऊ वर्षांत काय काम केले त्याचे एक पान मागवले. शेवटची तारीख ठळक अक्षरांत लिहून पाठव, असेही बजावले. निवृत्तीमुळे त्यांच्याजवळ महाविद्यालयाचा ई-मेल उरला नव्हता. तिने विद्यापीठाला तसे कळवून खासगी पत्ता चालेल का, याची विचारणा केली. सरांच्या पूर्वीच्या पदाचा दाखला जोडला तर चालेल, असे उत्तर आले. मसुदा मागणाऱ्या प्राध्यापकांनाही तिने नम्रपणे लिहिले : ‘मसुद्याऐवजी मी आपल्या विषयात केलेल्या कामाची टिपणे पाठवत आहे. आपल्याला त्यातील जे आठवेल, तेवढेच कृपया लिहावे.’ आठ दिवस उत्तर आले नाही. नवव्या दिवशी त्यांनी होकार कळवला आणि प्रयोगशाळेतील एका प्रसंगाची आठवणही लिहिली. तो प्रसंग ती स्वतः विसरली होती.

वरिष्ठांचे पत्र आणि दुसऱ्या प्राध्यापकांचे पत्र आधीच पोहोचले होते. मुदतीच्या आदल्या रात्री ती कार्यालयात उशिरापर्यंत थांबली होती. खिडकीबाहेर थंडीचे धुके उतरू लागले होते आणि कसौलीचे दिवे एकेक करून पुसट होत होते. साडेनऊच्या सुमारास विद्यापीठाची सूचना आली : तिसरे शिफारसपत्र मिळाले. पाठोपाठ सरांचा संदेश आला. ‘पाठवले. आता एक सांग, ते यंत्र पावसात का बिघडत होते, याचे कारण तू शेवटी शोधलेस का?’

तिने उत्तर लिहायला घेतले आणि थांबली. कारण तिने शोधले नव्हते. लाल शाईतल्या त्या दोन शब्दांचे काम नऊ वर्षे तसेच राहिले होते. तिच्याविषयी पत्रात काय लिहिले आहे, हे तिला कधीच कळणार नव्हते. प्रवेश मिळेल की नाही, हेही ठाऊक नव्हते.

‘नाही, सर,’ तिने लिहिले. ‘पण आता शोधणार आहे. दर महिन्याला कळवीत जाईन.’