कडेवर संपत्ती

म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात एक संगमरवरी बाई उभी आहे. अंगापिंडानं थोराड, जाड वस्त्राच्या चुण्या सरळ पावलांपर्यंत उतरलेल्या, डाव्या हातावर पोर आणि मान त्याच्याकडे कललेली. ही आयरीनी, ग्रीकांची शांतिदेवता. पोराचं नाव प्लूटोस, म्हणजे संपत्ती. शांतता कशासाठी हवी, हे अथेन्सवाल्यांनी असं रोखठोक सांगून टाकलं.

ही रोमन काळातली नक्कल. मूळ ब्राँझची मूर्ती केफिसोडोटसची. इ.स.पू. 375 मध्ये स्पार्टाशी तह झाला, बाईंची पूजा सुरू झाली आणि त्याच सुमारास मूर्ती भर बाजारचौकात बसली. तह लवकरच मोडला, पूजा राहिली. बळीच्या गुरांची कातडी विकून आलेल्या पैशांच्या हिशेबात, दगडावर कोरलेलं, तिचंही नाव सापडतं. म्हणजे शांतीच्या नावानंही सुरी चाललीच!

त्याआधी, इ.स.पू. 421 मध्ये, नाटककार अरिस्टोफेनीसनं तिला रंगभूमीवर आणलं होतं. युद्धानं तिला गुहेत कोंडून वर दगड रचलेले. सगळे ग्रीक दोर लावून ओढतात, पण कुणी नुसता ओढल्यासारखं करतो, कुणी मध्येच लुडबुडतो. अखेर शेतकरीच जोर लावतात. बाहेर आल्यावर बाई प्रेक्षकांशी बोलायला तयार नाही. देवांचा दूत हर्मीस, त्याच्या कानात कुजबुजते, तो निरोप सांगतो. इतक्या वर्षांच्या हेळसांडीनंतर कुणीही रुसेल.

तिच्या नावावरूनच पुढं युरोपात ‘आयरेनिक’ हा शब्द चालला : धर्मपंथांची भांडणं मिटवू पाहणाऱ्या लेखनासाठी आणि वृत्तीसाठी. हायडेलबर्गच्या डेव्हिड पॅरियसनं 1614 मध्ये प्रोटेस्टंटांच्या एकीसाठी ‘इरेनिकुम’ लिहिलं. चार वर्षांत तीस वर्षांचं युद्ध पेटलं, आणि 1622 मध्ये खुद्द हायडेलबर्ग शत्रूच्या हाती पडलं.

मूर्तीचीही गत काही वेगळी नाही. नेपोलियनच्या काळात ती रोमच्या अल्बानी संग्रहातून लुटीचा माल म्हणून पॅरिसला गेली. तिथून बव्हेरियाच्या लुडविगनं विकत घेतली. तोवर तिला लोक ल्युकोथिआ ही समुद्रदेवता समजत. खरी ओळख पटवली हाइनरिश ब्रुननं, 1867 मध्ये. दुरुस्ती करणाऱ्यांनी मात्र आधीच पोराच्या हाती सुरई दिली होती. मूळच्या मूर्तीत तिथं फळांनी भरलेलं शिंग होतं.