अस्वलाच्या हाडात मुरलेलं अन्न

युरोपातल्या गुहांमधून निघालेली हिमयुगातल्या तपकिरी अस्वलांची हाडं आजच्या तिथल्याच अस्वलांच्या हाडांशेजारी ठेवली, की फरक नजरेत भरतो. जुनी हाडं दणकट, दाढा रुंद. फिनलंडचे जीवाश्मतज्ज्ञ ब्यॉर्न कुर्तेन यांनी असे दात आणि हाडं वर्षानुवर्षं मोजली. हे काम किचकट. नर मादीपेक्षा बराच थोराड असतो, त्यामुळे एखाद्या गुहेत नरच जास्त सापडले, तर त्या काळची सगळीच अस्वलं धिप्पाड होती असं वाटू लागतं. म्हणून आधी नर-मादी ओळखायचे, मग वय काढायचं. दाताच्या मुळाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की सरलेल्या एकेका हिवाळ्याची गडद रेघ दिसते. अर्धपोटी गेलेल्या अस्वलाचा हिवाळाही तिथे मोजला जातो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग हिमयुगातली अस्वलं मोठी का होती? थंड मुलखात प्राणी आकाराने मोठे, असं जर्मन जीवशास्त्रज्ञ कार्ल बेर्गमान यांनी १८४७मध्ये मांडलं. अस्वलाच्या बाबतीत मला ते अपुरं वाटतं. अलास्काच्या उत्तर टोकाला थंडी कडाक्याची, तरी तिथलं अस्वल लहानखुरं. दक्षिणेला कोडियाक बेटांवर हवा सौम्य, आणि तिथला नर ६०० किलोंपर्यंत जातो. सुमारे १२,००० वर्षं ही अस्वलं मुख्य भूमीपासून तुटलेली आहेत. पण त्यांच्या नद्यांना सॅमन येतो. मासा मुबलक असला, की अस्वल त्याची अंडी, मेंदू नि कातडी तेवढी खातं आणि उरलेलं काठावर टाकून देतं. जन्मतः अर्धा किलोही नसलेलं पिल्लू याच सुबत्तेवर वाढतं.

इटलीच्या अपेनाइन डोंगरांत उलटं घडलं. शेतीसाठी जंगलं तुटत गेली, सुपीक सखल भाग माणसाने घेतला आणि दोन-तीन हजार वर्षांपूर्वी तिथली अस्वलं इतरांपासून एकटी पडली. बीचची फळं, रानबेरी, मुंग्या यांवर ती जगतात. अंगाने लहान, स्वभावाने शांत. त्यांना कुणी खुरटलेली म्हटलं, की मला राग येतो. आपण जेवढं रान शिल्लक ठेवलं, तेवढ्यात ती मावली आहेत. आज ती जेमतेम पन्नासेक उरलीत, आणि त्यांची मादी तीन-चार वर्षांतून एकदाच विते.